किती, आणि काटा कुणाचा?

१२ मार्च २०१६ च्या सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. गुजरातमधल्या काकरापारला अणुभट्टी फुटली आहे, तापीच्या पाण्यात विष उतरले आहे, भुसावळ-जळगावच्या लोकांनी दोन दिवस नळाचे पाणी पिऊ नये, लहान मुलांना अंगणात सोडू नये, आणि हा मेसेज किमान दहा जणांना पाठवावा. पाठवणारे आमचे नवापूरचे मामा. दुपारपर्यंत तोच मजकूर मला आणखी चार ठिकाणांहून आला. आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी पाण्याचे जार मागवले.

तापी पश्चिमेला वाहते, एवढी साधी गोष्ट त्या दिवशी कुणाला आठवली नाही. मुलताईला उगम, मग बऱ्हाणपूर, मग आपले हतनूर, भुसावळ, पुढे प्रकाशा, उकाई, आणि उकाईच्याही खाली काकरापार. भुसावळचे पाणी काकरापारला जाते. काकरापारचे पाणी भुसावळला यायचे तर नदीला उकाईचे धरण उलटे चढून यावे लागेल. ज्यांचा जन्म तापीकाठी गेला त्यांनी हा मेसेज पुढे पाठवला. माझ्या शेजाऱ्यांनी जारचे पैसे देताना मला विचारले, "सर, तुम्ही नाही मागवला?"

प्रत्यक्षात घडले होते ते असे. ११ मार्चला सकाळी नऊच्या सुमारास काकरापारच्या पहिल्या संचात जड पाण्याची (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो) गळती सुरू झाली. या जातीच्या भट्टीच्या पोटात ३०६ आडव्या नळ्या असतात. इंधन त्या नळ्यांत, आणि त्याची उष्णता वाहून नेणारे जड पाणीही त्यांच्यातूनच खेळते. त्यातली एक नळी गळू लागली. भट्टी बंद झाली, केंद्राच्या आवारापुरती आणीबाणी जाहीर झाली, आवाराबाहेर किरणोत्सर्ग नेहमीइतकाच असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. अणुअपघातांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर सात पायऱ्या आहेत. ही घटना पहिल्या पायरीवर नोंदली गेली. चेर्नोबिल आणि फुकुशिमा सातव्या. पण तारीख पडली ११ मार्च, म्हणजे फुकुशिमाचा बरोबर पाचवा स्मृतिदिन. मी जी वाहिनी पाहत होतो तिच्यावर अर्ध्या पडद्यावर काकरापारचा नकाशा आणि उरलेल्या अर्ध्यावर जपानमधल्या स्फोटाचा धूर, दोन्ही एकत्र चालू होते. आवाज बंद करून पाहणाऱ्याला तो धूर गुजरातचाच वाटला असता.

मी आयुष्यभर अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. अणुऊर्जेचा वकील नाही आणि विरोधकही नाही. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे. केळीचा व्यापारी बांधावर आला की आपला शेतकरी पहिल्या दमात विचारतो: बोर्ड (आजचा जाहीर भाव) काय? घड किती घेणार? कटती (वजनातली कपात) किती? 'भाव लई चढलाय' एवढ्यावर तो माल तोडू देत नाही. अणुअपघाताच्या बातमीत मात्र 'किती' हा शब्दच सापडत नाही. बातमीदार 'भीषण' म्हणतो, सरकारी प्रवक्ता 'घाबरण्याचे कारण नाही' म्हणतो. दोघेही मोजमाप न देता भाव सांगून मोकळे होतात आणि ऐकणाऱ्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे घाबरायचे किंवा झोपायचे.

या सवयीची किंमत खानदेशाने दोनदा मोजली आहे, आणि दोन्ही वेळा अणूचा काही संबंध नव्हता.

फेब्रुवारी २००६. देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला. एच५एन१ हा विषाणू खराच घातक, त्याबद्दल वाद नाही. कोंबड्यांमध्ये तो झपाट्याने पसरतो, म्हणून बाधित शेडच्या भोवतालच्या सगळ्या कोंबड्या मारून पुरणे हा पशुवैद्यकाचा बरोबर निर्णय होता. लाखो पक्षी पुरले गेले. पण नवापुरात एकाही माणसाला त्याची लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. नीट शिजवलेल्या कोंबडीतून तो होत नाही, हेही तेव्हा माहीत होते. तरी पुढचे काही आठवडे नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत कोंबडीला गिऱ्हाईक नव्हते. जिथे विषाणू औषधालाही नव्हता तिथल्या पोल्ट्रीवाल्यांनी अंडी मातीमोल भावाने विकली. मास्क आणि पांढरे झगे घातलेली माणसे शेडमध्ये शिरत आहेत, हे एकच दृश्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा फिरले. ते दृश्य खरे होते. त्यावरून लोकांनी काढलेला अर्थ खोटा होता. मामांची दोन शेड तेव्हा गेली. भरपाई मिळाली, धंदा मात्र परत उभा राहिला नाही.

त्याआधी सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि तापी लाइनच्या गाड्या माणसांनी टपापर्यंत भरून येऊ लागल्या. उधना, लिंबायत, पांडेसरा इथे यंत्रमागावर आणि मिलमध्ये काम करणारी निम्मी वस्ती आपल्याकडची. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, प्रत्येक स्टेशनावर लोक उतरत होते. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले. आमच्या गावात सुरतेहून आलेल्या एका कुटुंबाला त्याच्याच भाऊबंदांनी आठ दिवस गावाबाहेरच्या मळ्यात ठेवले; जेवणाचा डबा बांधावर ठेवून माणूस मागे फिरायचा. काही देशांनी भारताची विमाने थांबवली. शेवटी सगळ्या देशात मिळून मृत्यू झाले पन्नासच्या आसपास. पन्नास माणसे ही थोडी नाहीत. पण प्लेग प्रतिजैविकांनी बरा होतो, आणि तो खरोखर पसरणारच असता तर लाखो लोकांनी एकमेकांना चिकटून रेल्वेच्या डब्यात बसणे हाच त्याला पसरवण्याचा उत्तम उपाय होता.

सुरतेच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. त्या धसक्याने सुरत महापालिका जागी झाली. एस. आर. राव आयुक्त म्हणून आले, गटारे उपसली गेली, कचरा रोजच्या रोज उचलला जाऊ लागला, आणि दोनेक वर्षांत ते शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. म्हणून भीतीला सरसकट मूर्ख म्हणणे मला पटत नाही. गटारापर्यंत पोहोचलेली भीती उपयोगी ठरली. मळ्यात डबा ठेवून पळालेली ठरली नाही.

आता फुकुशिमाकडे येतो, कारण तिथे हे दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात घडले. ११ मार्च २०११ ला ९ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यामागून त्सुनामी आली. केंद्राची रचना सुमारे साडेपाच मीटरच्या लाटेचा हिशेब धरून केलेली. आलेली लाट १४ मीटरच्या आसपास. डिझेल जनित्रे बुडाली, वीज गेली, पंप बंद पडले. भट्टी बंद केली तरी इंधन बराच काळ तापतच राहते, चुलीतले लाकूड ओढून घेतले तरी निखारा राहतो तसे. ती उष्णता काढता आली नाही आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. त्सुनामी आणि भूकंपाने सुमारे १५,९०० माणसे मेली, अडीच हजार बेपत्ता झाली. त्या दिवसांत आणि त्यानंतर कितीतरी ठिकाणी हे आकडे 'फुकुशिमा दुर्घटनेतले बळी' म्हणून छापले गेले. किरणोत्सर्गाने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे: फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेला केंद्राचा एक कामगार, २०१८ साली मान्य केलेला. किरणोत्सर्गाचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने दहा वर्षांनी, २०२१ मध्ये सांगितले की रहिवाशांच्या आरोग्यावर किरणोत्सर्गाचा थेट म्हणता येईल असा दुष्परिणाम नोंदलेला नाही.

मग तिथे कुणी मेलेच नाही का? मेले. फुकुशिमा प्रांतात दोन हजार तीनशेहून अधिक मृत्यू 'आपत्तीशी संबंधित' म्हणून नोंदले आहेत, आणि त्यांतले बहुतेक म्हातारे. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आतल्या फुताबा रुग्णालयातून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बसमध्ये बसवून तासन् तास फिरवले गेले. सलाइन नाही, डॉक्टर नाही, कुठे उतरवायचे याचा पत्ता नाही. त्या धावपळीत आणि तिच्या मागोमाग चाळीसहून अधिक रुग्ण दगावले. बाकीचे पुढच्या वर्षांत गेले: तात्पुरत्या घरांत, ओळखीच्या डॉक्टरापासून आणि शेतापासून लांब, काही खचून, काही आत्महत्येने. दीड लाखाहून अधिक लोक घराबाहेर काढले गेले. सुरुवातीला बाहेर काढणे गरजेचे होतेच. भट्टीत पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण अंथरुणावरच्या आजीला किरणोत्सर्गाचा धोका जास्त की बसचा, हा प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही, कारण 'किती' हा आकडा कुणाच्या हातात नव्हता किंवा होता त्याने तो दिला नाही.

तिकडे चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मीठ पोत्यांनी विकत घेतले. मिठातले आयोडीन इतके थोडे असते की त्याने थायरॉइडचे (गळ्यातल्या ग्रंथीचे) किरणोत्सर्गी आयोडीनपासून रक्षण व्हायचे तर किलोवारी मीठ एका बैठकीत खावे लागेल, आणि माणूस आधी मिठानेच जाईल.

बातम्यांमध्ये एक शब्द मला विशेष छळतो: 'पट'. नियंत्रण कक्षात किरणोत्सर्ग हजारपट, ही १२ मार्च २०११ ची जगभरची बातमी. कशाच्या हजारपट? नेहमीच्या पातळीच्या. नेहमीची पातळी किती? ते नाही. माझ्या खिशात एक रुपया असेल आणि तो हजारपट झाला तर मी श्रीमंत होत नाही. आणि २७ मार्चला तर कहर झाला. दुसऱ्या भट्टीतल्या पाण्यात नेहमीच्या एक कोटीपट किरणोत्सर्ग, असे केंद्र चालवणाऱ्या कंपनीनेच सांगितले आणि त्याच दिवशी मोजणीत चूक झाल्याचे सांगून तो आकडा एक लाखपटीवर आणला. शंभरपट चूक! पहिला आकडा मोठ्या अक्षरांत गेला. दुसरा कुठे छापला गेला ते शोधून काढावे लागते.

एकके समजून घेणे अवघड नाही. ज्याला एकर आणि गुंठा कळतो त्याला हेही कळेल. शरीराला बसलेली मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोसीव्हर्ट. जमिनीतून, आकाशातून, श्वासातून आणि अन्नातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. छातीचा एक्स-रे काढला तर ०.१ पेक्षाही कमी. पोटाचा सीटी स्कॅन केला तर सातआठ, कधी दहा. शंभरच्या वर गेले की पुढे कर्करोग होण्याची शक्यता मोजता येईल इतकी वाढते, तीही थोडीच. शंभरच्या खाली काय होते यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही. सावधगिरी म्हणून तिथेही थोडा धोका धरून चालतात. एकदम हजार मिलिसीव्हर्ट बसले की माणूस आजारी पडतो. चारपाच हजार बसले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसे वाचत नाहीत. केरळात करुनागप्पळ्ळीच्या किनाऱ्यावर वाळूतच थोरियम आहे, तिथे निसर्गाचीच मात्रा जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर जाते. सुमारे ७० हजार रहिवाशांचा वर्षानुवर्षे माग ठेवून २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात या जादा मात्रेमुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. हे सहासात आकडे डोक्यात असले की कुठलीही बातमी पडताळता येते. बातमीदाराने 'मायक्रो'च्या जागी 'मिली' लिहिले तर हजारपटीची चूक होते. बारावीच्या परीक्षेत मी एककाचा अर्धा मार्क कापायचो तेव्हा पालक भांडायला यायचे.

इथे केळीचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही, कारण जगभर अणुऊर्जेचे समर्थक आमच्या पिकाचा दाखला देतात. केळीत पोटॅशियम असते, त्यातला एक अगदी बारीक अंश किरणोत्सर्गी असतो, एका केळ्यात सेकंदाला पंधराएक अणू फुटतात, म्हणून एक केळे म्हणजे ०.१ मायक्रोसीव्हर्ट. मग कुठल्याही गळतीला म्हणायचे की ही तर इतक्या केळ्यांएवढी! रावेर-यावलकडच्या माणसाला हे ऐकून मजा वाटते. आमच्याकडे 'केयी' आणि अणुबॉम्ब यांचा उल्लेख एका वाक्यात होईल असे कुणाला वाटले नव्हते. पण शिक्षक म्हणून मला हा दाखला आवडत नाही. शरीर पोटॅशियमचा तोल स्वतः राखते. दहा केळी जास्त खाल्ली तर जादा पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, साठून राहत नाही. किरणोत्सर्गी आयोडीन तसे वागत नाही. ते थायरॉइडमध्ये जाऊन बसते, आणि लहान मुलाची थायरॉइड त्याला अधाशासारखी ओढून घेते. म्हणजे केळ्याचा हिशेब घाबरलेल्याला हसवतो, पण ज्या एका गोष्टीची खरोखर काळजी घ्यायला हवी ती झाकून टाकतो.

ती गोष्ट म्हणजे दूध. २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. त्या भट्टीला आपल्या भट्ट्यांसारखे काँक्रीटचे कवच नव्हते, आणि आतल्या ग्राफाइटला लागलेली आग दहा दिवस धुमसत होती. दोन कामगार त्याच रात्री गेले, किरणोत्सर्गाच्या आजाराने पुढच्या काही महिन्यांत २८. अमेरिकेतल्या एका मोठ्या वृत्तसंस्थेने तेव्हा दोन हजार मेल्याची बातमी दिली होती. ती खोटी ठरली, हे अणुसमर्थक आवडीने सांगतात. ते पुढचे सांगत नाहीत. हवेतले आयोडीन गवतावर पडले, गाईंनी ते खाल्ले, मुलांनी दूध प्यायले. त्या किरणोत्सर्गी आयोडीनची ताकद आठ दिवसांत निम्मी होते. दोन महिने मुलांना त्या भागातले दूध दिले नसते तरी बहुतेक अनर्थ टळला असता. पण सोव्हिएत सरकारने तोंड बंद ठेवले. जगाला पहिली चाहूल लागली ती २८ एप्रिलला, स्वीडनमधल्या फोर्समार्क केंद्रात एका कामगाराच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला तेव्हा. त्या काळी जी मुले होती त्यांच्यात २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. तो कर्करोग बहुतेक वेळा बरा होतो, म्हणून त्यांतले मृत्यू पंधरा. सर्वांत जास्त मात्रा बसलेल्या लोकांत एकूण मृत्यू चार हजारांपर्यंत जाऊ शकतील, असा २००५ चा आंतरराष्ट्रीय अंदाज. इतरांचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत. अतिशयोक्तीने फुकुशिमात म्हातारी माणसे मेली तर चेर्नोबिलमध्ये मुलांच्या गळ्याला सुरी लावली ती मौनाने. या दोन अपघातांतून शिकायचे तर दोन्ही शिकले पाहिजे. आपापल्या सोयीचा एक उचलून चालत नाही.

आणि या सगळ्या चर्चेत आपल्या उशाशी काय आहे ते पाहा. भुसावळशेजारी दीपनगरला कोळशावर वीज तयार होते: जुने संच, मग ५०० मेगावॅटचे दोन, आता ६६० चा. त्या विजेने खानदेशातली किती पिके जगली हे मला माहीत आहे, म्हणून मी त्या चिमण्यांना शिव्या देत नाही. पण हिशेब करू. कोळशाच्या धुरामुळे आणि अपघातांमुळे दर १०० कोटी युनिटमागे सुमारे २५ माणसे दगावतात, असा युरोपातल्या आकडेवारीवर आधारलेला अंदाज आहे. अणुविजेचा तोच आकडा, चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरून, ०.०३ च्या आसपास. हजार मेगावॅटचे केंद्र सत्तर टक्के क्षमतेने वर्षभर चालले तर सहाशे कोटी युनिट होतात. म्हणजे कोळशाच्या खात्यावर वर्षाला दीडशे माणसे, अणूच्या खात्यावर पाच वर्षांत एक. युरोपचे आकडे दीपनगरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. कोळसा वेगळा, वारा वेगळा, धुराड्यातल्या गाळण्या वेगळ्या. तरी फरक दुप्पट-तिप्पट असता तर मी गप्प बसलो असतो. तो शेकड्यांच्या पटीत आहे. (हो, मीही 'पट' वापरला. पण पुढे-मागे आकडा ठेवून.)

माझी एक मावशी त्या भागात राहते. चैत्रात गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घातल्या की वरून पातळ साडी पांघरते, कारण वेल्हाळ्याच्या बाजूने वारा सुटला की त्यावर राखेची पूड बसते. संध्याकाळी साडी झटकते. खोकला तिला पंधरा वर्षांचा जुना. तो राखेचाच असे मी म्हणणार नाही. एका माणसाच्या खोकल्यावर तसे लिहिता येत नाही, आणि कोळसा सुटतो तो याच अडचणीमुळे. त्याचे बळी कुणाच्या नावावर मांडता येत नाहीत. ते शहरभर, वर्षभर, एकेक करून दवाखान्यात जातात आणि दाखल्यावर 'दमा' किंवा 'हृदयविकार' लिहिले जाते. जर्मनीने फुकुशिमानंतर अणुभट्ट्या बंद करायला घेतल्या, शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या. मधल्या काळात ती वीज मुख्यतः कोळशाने भरून काढल्यामुळे वर्षाला सुमारे अकराशे जादा मृत्यू झाले असावेत, असा तीन अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्या अकराशेंची ब्रेकिंग न्यूज कुठल्या दिवशी करायची?

किरणोत्सर्गाने आपल्या देशात सामान्य माणूस मेला तो कुठे, हेही कुणाला आठवत नाही. अणुकेंद्रात नव्हे, भंगारात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात विकलेले जुने यंत्र एका भंगारवाल्याने फोडले. आत कोबाल्ट-६० हा तीव्र किरणोत्सर्गी पदार्थ होता. एक कामगार गेला, आणखी काही जण रुग्णालयात पडले. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पायरीची, म्हणजे काकरापारच्या गळतीहून तीन पायऱ्या वर. ज्या बाजारात डोळे झाकून लोखंड कापले जाते तिथे किरणोत्सर्ग ओळखणारे हजारो रुपयांचे यंत्र नाही, याची भीती मला काकरापारच्या नळीपेक्षा जास्त वाटते.

आता दुसरी बाजू, कारण इथवर वाचून कुणाला वाटेल की दोष फक्त टीव्हीवाल्यांचा. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याच्या अणुकेंद्रात टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, सगळी वीज गेली, आणि अंधारात कर्मचाऱ्यांनी बॅटऱ्या घेऊन वर चढून भट्टीतली साखळीक्रिया पुन्हा सुरू होणार नाही अशी तजवीज केली. फार मोठा अनर्थ त्या माणसांनी टाळला. या माणसांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत, कारण त्यांचा गौरव करायचा तर आधी अपघात किती वाईट होता ते सांगावे लागते. काकरापारलाच जून १९९४ मध्ये अतिवृष्टीचे पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरले होते. त्याबद्दल एका गुजराती वृत्तपत्राला पत्र लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याची नोकरी गेली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कारवाई कायम ठेवली. कायद्याच्या नजरेत ते बरोबर असेल. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरात सुरत सोडून पळणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो. जूनमध्ये त्यांना शेजारच्या केंद्रातल्या पुराची माहिती पत्र पाठवणाऱ्या माणसाकडून मिळाली, केंद्राकडून नव्हे. अशा माणसांनी सप्टेंबरात सरकारी खुलाशावर विश्वास का ठेवावा? कोकणात जैतापूरला २०११ साली नियोजित अणुकेंद्राविरुद्ध आंदोलन पेटले, गोळीबारात एक जण मेला. तिथल्या कोळ्यांचे प्रश्न साधे होते: गरम पाणी किती सोडणार, मासा किती लांब जाईल. त्यांना अडाणी ठरवणे सोपे गेले. आकडे देणे अवघड गेले.

त्या मार्चमध्ये मेसेजनंतर दोन दिवसांनी मी मामांना फोन केला. नदी कुठल्या बाजूला वाहते ते आधी सांगितले. ते ओशाळून हसले. मग मी सगळा पाढा वाचला: पहिली पायरी, काँक्रीटचे कवच, एक्स-रे, सीटी स्कॅन. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे बघ भो, २००६ ला साहेब लोक सकाळी शेडवर आले. म्हणाले, मामा, घाबरू नका, नुसते नमुने नेतो. दोनच दिवसांत सगळ्या कोंबड्या पुरल्या. तेव्हापासून कुणी 'घाबरू नका' म्हटलं की मी आधी मेसेज पाठवतो आणि मग विचार करतो."

मी म्हणालो, पण मामा, या वेळी मोजलेले आकडे आहेत. आवाराबाहेर काही वाढलेले नाही.

"मोजलं कुणी?"

"केंद्रवाल्यांनीच. आणि त्यांच्याच खात्याच्या लोकांनी."

फोनवर थोडा वेळ काही नव्हते. मामांनी पोल्ट्री गेल्यानंतर पाच वर्षे कापूस पिकवला आहे, आणि जिनिंगच्या दारात उभे राहून कितीतरी बैलगाड्या तोलून दिल्या आहेत.

"म्हणजे माल त्यांचा," ते म्हणाले, "आणि काटाही त्यांचाच."